‘१९३१ चं अस्सल वॉर ईगल’ : जुन्या स्लॉट मशीनच्या खरेदीत फसवणूक कुठे होते

शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने १९३१ मध्ये वॉर ईगल हे स्लॉट मशीन, म्हणजे नाणं टाकून खेळायचं जुगाराचं यंत्र, बाजारात आणलं. दर्शनी बाजूला अॅल्युमिनियममध्ये ओतलेला रंगीत गरुड, उजवीकडे हँडल, मध्ये तीन रीलं, म्हणजे फिरणारी चित्रांची चाकं. विजेचा संबंध नाही. सगळा कारभार स्प्रिंगा, तरफा आणि दात्यांवर चालतो. संग्राहकांची या मशीनवर नजर असते, त्यामुळे नकलाही भरपूर निघतात. अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने ‘मूळ, पूर्ण दुरुस्त, चालू स्थितीत’ या बोलीवर घेतलेलं असंच एक वॉर ईगल उघडल्यावर जे निघालं, ते इथे सविस्तर देत आहोत. विकणाऱ्याचं नाव महत्त्वाचं नाही, त्याची रीत महत्त्वाची आहे. ती ओळखता आली तर पुढच्या माणसाचे पैसे वाचतील.

पहिला संशय मापावरून आला. नकली दर्शनी भाग बहुतेक वेळा मूळ भागावरूनच वाळूचा साचा घेऊन ओततात. अॅल्युमिनियम थंड होताना सुमारे १.३ टक्के आटतं. मूळ कारखान्यात हा फरक धरून नमुना मोठा केलेला असे. नकल करणारा तयार भागावरूनच साचा घेतो, म्हणून त्याचा माल तेवढाच लहान येतो. ४०० मिलिमीटर लांबीत जवळपास ५ मिलिमीटर! नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही. पण भोकं जुळत नाहीत, मग ती कानशीने लांबट केली जातात. या मशीनची खालची दोन भोकं अशीच अंडाकृती निघाली आणि ती झाकायला मोठे वायसर लावले होते. गरुडाची पिसं कडेला गोलसर, बुळबुळीत दिसत होती. पाठीमागे हातग्राइंडरचे ताजे चरे होते.

स्क्रू तर फारच बोलके असतात. अमेरिकन मशीनला इंची आट्यांचे, एका खाचेचे स्क्रू असतात. अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू कारखान्यांत रुळला तो १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९३१ च्या मशीनवर तो दिसला तर निदान एवढं नक्की की तिथे नंतर कुणाचा तरी हात लागला आहे. एखादा स्क्रू बदललेला असणं गुन्हा नाही. पण सगळेच फिलिप्स आणि तेही मिलिमीटरच्या आट्यांचे असतील, तर तो भाग अमेरिकेत त्या काळी बनलेला नाही.

झिजेकडेही नीट बघा. जिथे हात आणि नाणी लागतात तिथेच खरं मशीन झिजतं: हँडलचा गोळा, नाणं घालायच्या खाचेची खालची कड आणि नाणी पडतात त्या वाटीचा तळ. वर्षानुवर्षं नाणी आपटून वाटीत बारीक पोचे आणि चरे पडलेले असतात. इथे बाहेरून गंज चढवला होता, रंग घासून ‘जुना’ केला होता, आणि वाटीचा तळ मात्र आरशासारखा गुळगुळीत!

आतलं यंत्र मात्र खरं होतं, मिल्सचंच. सगळ्यात हुशार फसवणूक हीच. पूर्ण खोटं मशीन जाणकार लगेच ओळखतो. अर्धं खरं ओळखायला वेळ लागतो. मोडकळीला आलेल्या एखाद्या साध्या मशीनमधलं यंत्र काढायचं, नव्या लाकडी पेटीत बसवायचं आणि पुढे महागड्या मॉडेलचा नवा ओतीव चेहरा लावायचा. मुंबईच्या चोरबाजारात पोर्टेबल ग्रामोफोनची मोटर नव्या खोक्यात घालून त्यावर पितळी कर्णा चढवतात, तोच हा धंदा. यंत्रावर आणि पेटीवर नंबर असतील तर ते ताडून बघा, आणि त्या नंबरांचं साल मॉडेलच्या सालाशी जुळतं का तेही बघा. यंत्र दुसऱ्या मशीनचं असेल तर किंमतही त्याच हिशेबाने ठरायला हवी.

रीलांवर चिकटवलेल्या चित्रांच्या कागदी पट्ट्यांवर आम्ही अतिनील टॉर्च मारला, तर त्या निळसर चमकल्या. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदात सर्रास येतात. चहाच्या पाण्याने पिवळा केला तरी कागद चमकायचा राहत नाही. नवी पट्टी लावणं चूक नाही, जुन्या पट्ट्या फाटतातच. चूक होती ती चिकटवण्यात. प्रत्येक रीलवर २० थांबे असतात आणि रीलच्या बाजूच्या चकतीला भोकं असतात. बक्षीस द्यायचं की नाही हे चित्र ठरवत नाही, चकती ठरवते: यंत्राची बोटं चकतीत शिरतात, भोक सापडलं तर पैसे सोडणारी पट्टी सरकते. चित्रांची पट्टी एका थांब्याने जरी सरकून चिकटली तरी तीन घंटा आल्यावर मशीन गप्प बसतं आणि लिंबावर नाणी ओकतं. इथे मधल्या रीलची पट्टी तशीच चुकली होती. विकणाऱ्याच्या व्हिडिओत मशीन एकदाही पैसे देताना दाखवलं नव्हतं, त्याचं कारण हे.

त्या व्हिडिओत दर वेळी नाणं घालतानाही दिसत नव्हतं. नाणं नसताना हँडल ओढलं तर रीलं फिरता कामा नयेत. इथे फिरत होती, कारण नाणं चाचपणारी तरफ तांब्याच्या तारेने मागे बांधून ठेवली होती. तार सोडल्यावर खरं दुखणं बाहेर आलं: वरचा नाण्यांचा जिना, म्हणजे घातलेली नाणी ओळीने पुढे सरकवणारा भाग, अडकत होता.

घड्याळ, म्हणजे रीलं किती वेळाने थांबायची ते ठरवणारा दात्यांचा भाग, हाही ऐकून ओळखायचा असतो. रीलं डावीकडून उजवीकडे, एकामागून एक, सारख्या अंतराने थांबली पाहिजेत. ती ‘टक्… टक्… टक्’ लय अडखळली की आत तेलाचा चिकटा झालेला असतो. बरेच विक्रेते ‘पूर्ण दुरुस्ती’ म्हणून गंज सोडवणारा स्प्रे सगळीकडे मारून देतात. चार-सहा महिने मशीन झकास चालतं, मग तोच स्प्रे वाळून चिकट होतो. योग्य रीत म्हणजे घड्याळ सोडवून पेट्रोलियम सॉल्व्हंटने धुवायचं, पूर्ण वाळवायचं आणि फक्त खुंट्यांच्या टोकांना पातळ घड्याळी तेलाचा एकेक थेंब द्यायचा. दात्यांना तेल लावायचं नाही.

त्याच वेळी रील हाताने फिरवून वीसच्या वीस थांबे तपासा. जुन्या काळी काही मालक जॅकपॉटचा थांबा लागूच नये म्हणून रीलचे थांबे ठरवणाऱ्या ताराचक्राच्या दात्यात पत्र्याचा तुकडा अडकवून ठेवत. तो आजही काही मशीनमध्ये सापडतो. काढून टाकला की झालं. पण विकणारा जर ‘दुरुस्त केलं’ म्हणत असेल आणि तुकडा जागेवरच असेल, तर त्याने यंत्र उघडलेलंच नाही.

नाण्यांचा खेळही लक्षात ठेवा. ५ सेंटचं नाणं २१.२१ मिलिमीटरचं, २५ सेंटचं २४.२६ चं. २५ सेंटचं मशीन म्हणून विकलेल्या यंत्रात फक्त वरची खाच मोठी केलेली असते. जिना, नाण्यांची नळी आणि पैसे सोडणाऱ्या पट्ट्या ५ सेंटच्याच असतात. मग नाणं नळीत आडवं फसतं. भारतात आणून रुपयावर चालवू म्हणणाऱ्यांना सांगायला हवं की २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं सुमारे २२ मिलिमीटरचं आहे, ५ सेंटच्या नळीत ते जाणार नाही. कानस फिरवून नळी रुंद केलीत तर मशीनची किंमत तिथेच संपते.

‘१८९५ ची मूळ लिबर्टी बेल’ अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचूही नका. चार्ल्स फे यांनी सॅन फ्रान्सिस्कोत बनवलेली ती सुरुवातीची तीन रीलांची स्लॉट मशीनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. बाजारात दिसतात त्या नंतरच्या प्रतिकृती. पाटीवरचं पेटंटचं साल म्हणजे बनवल्याचं साल, असं सांगणाराही एकतर अडाणी असतो किंवा लबाड. आणि मिल्सचं हाय-टॉप हे मॉडेल म्हणून जपानी सेगाचं मशीन विकतात. व्हिडिओ गेमवाली सेगा हीच. सुरुवातीला तिने मिल्सच्या धर्तीवर स्लॉट मशीनं काढली होती. सेगाचं मशीन सेगा म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, पाटी बदललेली मात्र घेऊ नका.

स्वतःचं मशीन दुरुस्तीला देतानाही सावध राहा. मूळ चेहरा ठेवून घेऊन नकली परत पाठवल्याचे प्रकार होतात. देण्याआधी ओतीव भागाच्या आतल्या बाजूला दोन-तीन गुप्त खुणा करा, रुंदी-उंची व्हर्नियर या बारीक मापाच्या साधनाने मोजून लिहून ठेवा, पाठीमागचे फोटो काढा. बफिंग करू नका असं लेखी सांगा. एकदा पिसांच्या कडा घासल्या गेल्या की अस्सल चेहराही नकलीसारखा दिसतो.

कायद्याची बाजू विकणारा कधीच सांगत नाही. अमेरिकेत १९५१ च्या जॉन्सन कायद्यानुसार जुगाराची यंत्रं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंधनं आहेत आणि जुन्या मशीनला सूट द्यायची की नाही हे राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात २५ वर्षांपेक्षा जुनं असावं लागतं. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, गोव्यात १९७६ चा वेगळा. ‘शोभेची वस्तू आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर मशीन भारतात पाठवू नका, आधी वकिलाला विचारा.

पैसे देण्याआधी एवढं मागा: मागचं दार उघडून, गल्ल्याचा डबा काढून, यंत्र पेटीतून पूर्ण बाहेर ओढलेला फोटो, शेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद. दुसरा फोटो चेहऱ्याच्या पाठीचा. तिसरा, नाणं घालून पैसे पडेपर्यंतचा न कापलेला व्हिडिओ. पावतीवर पेटी, चेहरा, यंत्र आणि चित्रांच्या पट्ट्या यांपैकी मूळ काय आणि नवं काय, हे स्वतंत्र लिहून घ्या. नुसतं ‘विंटेज’ लिहिलेलं पुढे कुठेच टिकत नाही. पैसे परत मिळण्याची सोय नसलेल्या मार्गाने रक्कम पाठवू नका. आणि यंत्र पेटीबाहेर काढून वेगळ्या खोक्यातच पाठवायला सांगा: आत ठेवून पाठवलं तर एका आपटीत ते पेटीचा मागचा भाग फोडतं, आणि मग विक्रेता कुरिअरकडे बोट दाखवतो, कुरिअर पॅकिंगकडे.