२४ पोशाख आणि एकही माप नाही

एका खोट्या ऑर्डरपायी माझे एकूण ९१,३३८ रुपये गेले. आकडा आधी लिहितो, कारण गेल्या तीन महिन्यांत ज्यांना ज्यांना हे सांगितले त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि दुसरा प्रश्न ‘पण तुला कळले कसे नाही?’ हा होता. पहिल्याचे उत्तर रुपयापर्यंत चोख देता येते. दुसऱ्याचे देताना अजूनही कानशिले तापतात.

मी डोंबिवलीत राहतो आणि गाण्याचे कार्यक्रम, संगीत महोत्सव, प्राइड मोर्चा यांसाठी हाताने पोशाख तयार करतो. मी समलिंगी आहे, घरी ते ठाऊक आहे, आणि माझे बहुतेक गिऱ्हाईक आमच्याच लोकांतले आहे. २०२५ च्या जानेवारीत नेरूळला कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा अस्तरात दिव्यांची माळ शिवलेली अकरा जॅकेटे माझ्या हातून गेली होती. मोठी कामे मात्र बुटीकमार्फत येतात. पंखांच्या तारा वळवताना बोटे माझी कापली जातात आणि गळ्यामागे लेबल दुसऱ्याचे लागते. हे सांगणे आवश्यक आहे, कारण मला पैशांची हाव नव्हती, हे मला कोणाला तरी पटवून द्यायचे आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निरोप आला. एका संगीत महोत्सवाच्या मिरवणुकीत क्विअर (समलिंगी, पारलिंगी वगैरे) नर्तकांचा ताफा असणार आहे, त्यासाठी मोरपंखी केप आणि पंख असे २४ पोशाख हवे आहेत, कारागीरही क्विअरच हवा आहे आणि त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापले जाईल, असे त्यात होते. समोरच्या माणसाने स्वतःची ओळख निर्मिती समन्वयक अशी करून दिली, मला कोणत्या सर्वनामाने संबोधावे हे विचारले, आणि १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानापासून निघालेल्या मुंबईतल्या पहिल्या क्विअर आझादी मोर्चात आपण चाललो होतो, असे सहज बोलता बोलता सांगितले. ही तारीख कोणालाही दोन मिनिटांत शोधून मिळते. आपुलकीने तिचा उच्चार करणारा माणूस आपलाच असतो, असे मी का धरले, याचे उत्तर माझ्यापाशी आहे, पण ते फारसे शोभणारे नाही.

दर ६,५०० रुपये नग, एकूण १,५६,००० रुपये. निम्मी रक्कम आगाऊ. त्यासाठी ‘पुरवठादार नोंदणी’चे ४,९९९ रुपये आणि परत मिळणारी दहा टक्के अनामत म्हणून १५,६०० रुपये मी भरले. पर्चेस ऑर्डर आली होती, तिच्यावर जीएसटी क्रमांक होता, शिक्का होता. काम देणारा पैसे मागत नाही, हे वाक्य मी स्वतः दोन नवख्या मुलींना ऐकवले आहे, तरी भरले.

आता ज्या गोष्टीने मला अजून रात्री जाग येते, ती सांगतो. चोवीस नर्तकांचे पोशाख मागणाऱ्या या माणसाने मला एकही माप दिले नाही. छाती नाही, खांदा नाही, उंची नाही. मी विचारले तेव्हा ‘सगळे फ्री साइज करा’ असे उत्तर आले आणि मी ‘बरे’ म्हणालो. सहा फुटी पंख फ्री साइज नसतात. त्यांचे पट्टे खांद्याला आणि कमरेला नेमके बसले नाहीत, तर पहिल्याच गिरकीत सारी चौकट पाठीवरून घसरते. पंख पाठीवर बांधून जो एकदा तरी नाचला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. रंगमंचावर कोणते दिवे असतील हे त्याने सांगितले नाही, आणि लाल प्रकाशात मोरपंखी रंग काळा पडतो हे मी लिहिले तर त्यावर नुसते अंगठ्याचे चिन्ह आले. त्याहून वाईट म्हणजे त्याने भाव केला नाही. माझ्या अनुभवात कार्यक्रमवाले ६,५०० चे ४,००० करून मागतात आणि तेही कार्यक्रमानंतर दोन महिन्यांनी देतात. घासाघीस न करणारे गिऱ्हाईक समोर आले तेव्हा मला संशय यायला हवा होता. मला वाटले, अखेर कोणीतरी आपल्या कामाचे मोल ओळखले.

दरम्यान मी मंगळदास मार्केटमधून ऑर्गेंझा आणि टिश्यूचे कापड, भुलेश्वरहून टिकल्या, लेस आणि तांबूस जर, शिवाय बकरम आणि तार असा ३१,७४० रुपयांचा माल आणून कापायलाही घेतला होता. आगाऊ रक्कम येण्याआधी कात्री लावू नका. कापलेले कापड दुकानदार परत घेत नाही, आणि त्याने ते का घ्यावे?

आगाऊ रकमेच्या दिवशी ‘हिशेब विभागा’तून फोन आला. खाते तपासण्यासाठी एक रुपया पाठवायला सांगितला. पाठवला, दोन रुपये परत आले. मग ७८,००० रुपये दोन हप्त्यांत येतील असे सांगून क्यूआर कोड पाठवला गेला. तो स्कॅन करून मी पिन टाकला आणि ३९,००० रुपये गेले. मी ओव्हरलॉकवर बसलो होतो, यंत्र चालू होते, फोन खांद्याला दाबलेला होता, आदल्या रात्री तीन तासच झोपलो होतो, हे सगळे खरे आहे. पण पिन मीच टाकला, हेही खरे आहे. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. कधीच लागत नाही. ‘तांत्रिक बिघाड आहे, पुन्हा तेच करा म्हणजे दोन्ही हप्ते एकदम जमा होतील’ असे तो म्हणाला, आणि मी पुन्हा केले. तेव्हा पडद्यावर ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ असे आले. येणाऱ्या पैशाला माझी शिल्लक कशाला लागते, हा प्रश्न मला तेव्हा पडला. माझ्या खात्यात चाळीसएक हजारांच्या वर रक्कम नव्हती म्हणून मी वाचलो.

त्याने दिलेले दोन रुपये मी हिशेबातून वजा केले आहेत.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लागायला चाळीस मिनिटे गेली. तरीही आधी तोच फिरवा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडवले जातात ते तिथूनच. माझे २,३०० रुपये अडकले ते त्यामुळेच. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली, पण ती त्याने न केलेल्या व्यवहारांपुरती, आणि ते परिपत्रक मला वाचून दाखवणाऱ्या अधिकाऱ्याच्या आवाजात जे समाधान होते ते मी विसरणार नाही.

पोलीस ठाण्यात मला सायबर शाखेकडे जायला सांगितले, सायबर शाखेने ठाण्याकडे परत पाठवले. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ म्हणते; ते कलम मी छापून नेले होते. तो कागद हवालदारांनी पेपरवेटखाली ठेवला आणि पुरावा म्हणून दिलेली छायाचित्रे पाहायला घेतली. ‘हे पुरुष घालतात?’ त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. त्यांनी आतून आणखी एकाला बोलावून त्यालाही फोटो दाखवले. ‘आणि हे बनवतोस तू?’ तोपर्यंत मी ‘तुम्ही’ होतो. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे सांगणारा कलम ३७७ चा निकाल लागला ६ सप्टेंबर २०१८ रोजी, त्याला सात वर्षे उलटून गेली. त्या खोलीत तो पोहोचलेला दिसला नाही. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे ३१८(४) आणि तोतयागिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ड, अशी कलमे लागायला हवीत असे मी म्हणालो, तर ‘एवढे कळते, तर पिन कशाला टाकला?’ असे विचारण्यात आले. तक्रार घेतली गेली ती चौथ्या खेपेला, वकील मैत्रीण सोबत आली तेव्हा. एकट्याने जाऊ नका. अडकलेल्या २,३०० रुपयांसाठी न्यायालयाचा आदेश आणायला सांगितले आहे. माझ्या दोन दिवसांच्या बुडालेल्या कामाचा हिशेब केला तर ती रक्कम तिथेच पडून राहिलेली परवडते.

तक्रार केल्याचे कळताच त्या माणसाने मला एक छायाचित्र पाठवले. नमुन्याची केप अंगावर घालून, डोळ्यांत काजळ घालून मीच त्याला ते पाठवले होते. ‘घरच्यांना दाखवू का?’ असे खाली लिहिले होते. माझ्या आईने फोन हातात घेतला, छायाचित्र मोठे करून पाहिले आणि ‘डाव्या खांद्याची शिवण ओढली गेली आहे’ एवढेच म्हणाली. पण सगळ्यांच्या घरी असे होणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे, आणि आमच्यातलीच माणसे तो म्हणूनच निवडतो. अशी धमकी आली तर पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका, फोनच्या पडद्याची छायाचित्रे काढून तीही तक्रारीला जोडा. नमुना दाखवायचा असेल तर तो पुतळ्यावर चढवून दाखवा.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका आरीचे भरतकाम करणाऱ्या मैत्रिणीला असाच निरोप आला. ‘मागच्या वर्षीच्या कारागिराचे काम’ म्हणून तिला जे छायाचित्र पाठवले गेले ते माझ्या पंखांचे होते, म्हणून तिने मला फोन केला आणि म्हणून मी हे लिहितो आहे. मोरपंखी टिश्यू, तांबूस जरीच्या शिरा, आणि उजव्या कोपऱ्यात कापड ताणून धरलेला माझ्या आईचा हिरव्या बांगड्यांचा हात. हे छायाचित्र तुमच्यापर्यंत आले, तर त्यातले काम खरे आहे. त्याच्यासोबत आलेली ऑर्डर खोटी आहे.