पाणी मुरणारं अंगण: वडगावातले सोळा महिने

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही घरापुढची शहाबादी फरशी उपटून पाणी मुरणारे पेव्हर ब्लॉक बसवले. त्यावर आता दोन पावसाळे गेले. बसवायच्या आधी मी चार ठिकाणी विचारत फिरलो, तेव्हा प्रत्येकजण ब्लॉकचं कौतुक सांगत होता. खाली काय घालायचं आणि काळ्या मातीत त्याचं पुढे काय होतं, हे एकानंही सांगितलं नाही. ते कळायला मला एक अख्खा जुलै आणि हातमागाचा एक खड्डा लागला.

आमचं घर विणकरांचं, बेळगावातल्या वडगावात. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, त्यांच्या मोटरी जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. गल्लीचा रस्ता दरवेळी जुना थर न खरवडताच नवा केला जातो, त्यामुळे तो आता आमच्या अंगणापेक्षा सहा इंच उंच झालाय. बेळगावात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्ये. बळ्ळारी नाला तुंबला की शिवारातलं भात पाण्याखाली जातं, हे सगळ्यांना दिसतं. गल्लीतल्या सखल घरांचं काय होतं ते घरातल्यांनाच माहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या दोन्ही मोटरी पाण्यात गेल्या आणि रिवाइंड करून आणाव्या लागल्या. तेव्हापासून आभाळ भरून आलं की आईचं लक्ष उंबऱ्यावर.

फरशीवरून पाणी थेट उंबऱ्याकडं यायचं. साधे पेव्हर बसवून फरक पडला नसता, कारण दोन ब्लॉकमध्ये बारीक वाळू आणि खाली दाबलेला मुरूम, म्हणजे पाण्याला वाट नाहीच. विनाफाईन काँक्रीटचाही विचार केला होता. त्यात वाळू जवळजवळ नसते, म्हणून काँक्रीटमध्येच पंधरा-वीस टक्के पोकळी राहते. पण पाण्याचं प्रमाण थोडं चुकलं की वरची खडी सुटायला लागते, आणि आमच्या ओळखीत ते हाताखालून गेलेला मिस्त्री नव्हता. म्हणून ब्लॉकच घेतले: 80 मिलिमीटर जाडीचे, कारण सुताचा टेम्पो महिन्यातून दोनदा आत येतो. बाजूला कान असलेले, त्यामुळे दोन ब्लॉकमध्ये बोटभर फट राहते. पाणी त्या फटीतूनच जातं. ब्लॉक स्वतः पाणी पीत नाही, जाहिरातीत काहीही म्हणोत.

अंगण 30 बाय 20 फूट. खाली फूटभर खडी: तळाला आठ इंच 40 मिलिमीटरची, वर चार इंच 20 ची, त्यावर दोन इंच 6 मिलिमीटरची चिप्स, मग ब्लॉक, आणि फटीतही तीच चिप्स. पहिला वाद इथंच झाला. मिस्त्रीनं सवयीनं कचेचा, म्हणजे दगडाच्या बारीक भुकटीचा, ट्रॅक्टर मागवला होता.

"अण्णा, कच न घालता ब्लॉक बसतंय कसं? उद्या हलालंय म्हणून मलाच बोलवशीला."

कच घातली तर सगळं मुसळ केरात, हे त्याला पटेना. शेवटी मी एका बादलीत खडी भरून वर पाणी ओतलं, दुसरीत खडी आणि कच. दुसरीतलं पाणी वरच उभं राहिलेलं बघून त्याचा कामगार हसला, "नीर एल्लि होत री?" पहिल्या बादलीतलं पाणी खडीत कुठं गेलं ते त्याला शोधायचं होतं. ट्रॅक्टर परत गेला. खडी मात्र धुवून घालावी लागली, कारण क्रशरवरून येते तीही धुळीनं माखलेलीच असते. बाईंडिंग नाही म्हणून ब्लॉक हलतील ही त्याची भीती खोटी ठरली. चारी बाजूंनी काँक्रीटची कड पक्की असेल तर टोकेरी खडी एकमेकांत अडकून बसते. टेम्पो येतो त्या पट्ट्यातसुद्धा आजवर चाकोरी पडलेली नाही.

खडीत सुमारे चाळीस टक्के जागा मोकळी असते. फूटभर खडी म्हणजे सहा ब्रास (सहाशे घनफूट), आणि तिच्या पोटात साधारण 6,800 लिटर पाणी मावतं. अंगणावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं 5,600 लिटर. इथपर्यंत हिशेब छान जुळतो. माझी चूक अशी की कौलांचं पाणीही मी अंगणातच सोडलं. नऊशे चौरस फुटांचं छप्पर तेवढ्याच पावसात आणखी 8,400 लिटर देतं. उद्यमबागच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर मापं घेणारा मी, घरचं माप घ्यायला विसरलो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस झड लागली. अंगणात एक थेंब उभा नव्हता, शेजारचे मामा छत्री घेऊन बघून गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, मागच्या खोलीत ओलसर वास येतोय. तिथं आजोबांच्या हातमागाचा खड्डा आहे, फळ्या टाकून झाकलेला. फळी उचलली तर तळाला चार बोटं पाणी, अगदी नितळ.

आधी वाटलं भूजल वर आलं असेल, नाल्याकाठच्या वस्तीत ते नवं नाही. पण मन मानेना. घरात सूत रंगवायच्या रंगाचं एक जुनं पाकीट होतं, राणी कलर. रात्री मूठभर रंग बादलीत कालवून भिंतीजवळच्या फटीत ओतला. सकाळी खड्ड्यातलं पाणी गुलाबी! अंगणात जिरवलेलं पाणी पायाखालून वाट काढून घरात येत होतं. वरून आलं असतं तर निदान दिसलं तरी असतं.

दोष माझ्या आराखड्याचा. अशी खडी पायापासून दहा फूट लांब ठेवावी, नाहीतर मध्ये पाणी न जाणारा पडदा घालावा, हा नियम मला नंतर कळला. वीस फुटांच्या अंगणात दहा फूट सोडणं जमणारं नव्हतं. म्हणून पावसानं उघडीप दिल्यावर भिंतीलगतची सहा फुटांची पट्टी उकरली. शेततळ्याला घालतात तो जाड प्लास्टिकचा कागद भिंतीच्या बाजूनं उभा आणि पुढे तळाला आडवा अंथरला, आणि त्यावर तीच खडी पुन्हा भरली. छपराचं पाणी टाकीत घेतलं. टाकी भरली की जास्तीचं पाणी आता पाइपनं थेट गटारात जातं.

दुसरी दुरुस्ती मातीमुळे. तळाला चार इंची छिद्रांचा पाइप टाकून तो गटारात काढला होता, आणि तोंडाशी एल्बो (पाइपाचा वाकडा जोड) वर करून ठेवला होता, म्हणजे तळचं सहा इंच पाणी अडून जमिनीत मुरेल. कॅम्प-हिंडलगा बाजूच्या तांबड्या, जांभ्याच्या जमिनीत ते मुरलंही असतं. आमच्या काळ्या मातीत आधी खड्डा खणून पाणी भरून बघायला हवं होतं. मी ते नंतर बघितलं: तासाभरात अर्धं बोटही उतरलं नाही. शिवाय ही माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, त्यामुळे तिच्यावर पाणी साठवून ठेवणं पायाला बरं नाही. एल्बो काढून टाकला. आता खडीत साठलेलं पाणी सहा-सात तासांत हळूहळू गटारात जातं. म्हणजे काळ्या मातीत 'मुरणारं अंगण' हे नाव निम्मं खोटं. ते पाणी मुरवतं थोडं, थोपवून धरतं जास्त. धो-धो सरीत आमच्या वाट्याचं पाणी त्याच क्षणी गटारात न जाता सावकाश जातं, हेही काही कमी नाही. पण बोअर भरेल या आशेनं कुणी हा खर्च करू नये.

गटारच तुडुंब भरलं तर? पहिल्या ऑगस्टमध्ये तेच झालं. पाइपातून उलटं पाणी खडीत शिरलं, गटाराच्या वासासकट. तोंडाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, पण त्याच्या झाकणात प्लास्टिकची पिशवी अडकली की तो उघडाच राहतो, म्हणून पावसाळ्यात दर रविवारी हात घालावा लागतो. गल्लीचं पाणी रस्त्यावरून आत येऊ नये म्हणून फाटकात चार इंचांचा उंचवटाही करावा लागला. मोठ्या पुरात यातलं काही टिकेल असं मी म्हणणार नाही. यंदा मात्र माग एकदाही बंद ठेवावा लागला नाही, आणि आजोबांचा खड्डा कोरडा आहे.

आता तुंबण्याबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. मी 30 सेंटिमीटर व्यासाचं कडं करून घेतलं. ते ब्लॉकवर ठेवून कडेनं कणकेनं लिंपायचं (आई: "खायचं पीठ ते!"), आत 18 लिटर पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. नवं असताना 55 सेकंद लागले, म्हणजे ताशी सोळा हजार मिलिमीटरहून जास्त. गेल्या महिन्यात तीच जागा, 3 मिनिटं 40 सेकंद. वेग चौथाईवर आला, तरी ताशी चार हजार मिलिमीटर झाला. असा पाऊस चेरापुंजीतही पडत नाही. तेव्हा फटीत धूळ दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही.

एका कोपऱ्याची गोष्ट वेगळी. दिवाळीत मुलानं अंगणात किल्ला केला, प्रतापगड. शेतातून चार पाट्या माती, वर अळीव पेरलेला, मावळे, तोफा, सगळा थाट. पाडव्याच्या रात्री अवकाळी सर आली आणि गड खाली उतरून फटीत बसला. त्या जागी कड्याचा प्रयोग केला तर अर्ध्या तासात दोन लिटरही पाणी उतरेना. एका बाबतीत नशीब चांगलं: गाळ वरच्या इंचभरातच अडकतो, खाली जात नाही. सपाट स्क्रूड्रायव्हरनं फटी उकरल्या, वर्कशॉपमधला ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम मागून आणला आणि नवी चिप्स झाडूनं भरली. चाळीसेक ब्लॉकना अख्खा रविवार गेला. पाठीचं विचारू नका.

बारीकसारीक तक्रारीही आहेत. आजीची काठी फटीत अडकायची, म्हणून दारापासून फाटकापर्यंत हातभर रुंद फरशीची वाट ठेवली. रांगोळी या ब्लॉकवर नीट येत नाही आणि तिची भुकटी फटीत बसते. तुळशीपुढं जुन्याच दोन शहाबादी फरश्या परत लावल्या, तेव्हा आईचा राग गेला. शेणसडा बंद, त्यावर अजून बोलणं खावं लागतं. अंगणात वाळत घातलेल्या भाताचे दाणे फटीत पडले आणि जुलैत चक्क रोपं आली, ओळीत, लावणी केल्यासारखी. गवत कोवळं असतानाच उपटावं, मुळं धरली की चिप्स घेऊन वर येतं. डासांचा त्रास मात्र कमी झाला, कारण वर पाणी साठत नाही.

खर्च साध्या पेव्हरच्या जवळपास दीडपट आला. त्यात ब्लॉकचा वाटा थोडा, खोदाई, खडी आणि ती धुणं यांचाच जास्त. पट्टी पुन्हा उकरण्याचा खर्च यात धरलेला नाही, तो माझ्या अज्ञानाचा. परत करायचं झालं तर करेन, पण आधी खड्डा खणून माती बघेन, घराच्या बाजूला कागद पहिल्या दिवशीच घालेन आणि मिस्त्रीला खडी भरताना एकटं सोडणार नाही.

दिवाळी तोंडावर आली आहे. यंदाचा किल्ला गच्चीवर, असं मी जाहीर केलंय. मुलगा तयार नाही. त्याचं म्हणणं, गच्चीवरचा गड गल्लीतल्या पोरांना दिसणार कसा?