लेक व्हायोलिन शिकते म्हणून ठाण्याहून सिंफनी ऐकायला गेलो

आमच्या नौपाड्यात ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीत मंडळाच्या स्टेजवर हिंदी गाणी, त्यामुळे तिकिटं काढली म्हटल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, गायला कोण आहे? गायला कोणीच नव्हतं. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए हे कलाकेंद्र आहे तिथलं जमशेद भाभा थिएटर, आणि बीथोव्हेनची सातवी सिंफनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली चार भागांची मोठी रचना. लेक ११ वर्षांची, दोन वर्षं व्हायोलिन शिकतेय, खरं तर तिच्यासाठीच गेलो.

सीट वरच्या, कमी दराच्या घेतल्या आणि तेच बरं झालं, वरून अख्खा ऑर्केस्ट्रा दिसतो. सुरू व्हायच्या आधी ओबोवाला (ओबो म्हणजे सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) एकच सूर धरतो आणि सगळे आपापलं वाद्य त्याला मिळवून घेतात, आपल्याकडे तानपुरा जुळवतात तसंच. इथेच माझ्या अंगावर काटा आला.

पण मेन म्हणजे सिंफनीचा दुसरा भाग. एक लांब, दोन आखूड, दोन लांब, एवढाच ठेका, तो आधी व्हायोला, चेलो आणि डबल बास ही व्हायोलिनची मोठी, खालच्या सुरातली भावंडं अगदी हळू वाजवतात, मग ती चाल सेकंड व्हायोलिनकडे जाते (व्हायोलिनवाल्यांचे फर्स्ट आणि सेकंड असे दोन गट असतात) आणि पुढे बसणारे फर्स्ट व्हायोलिनवाले तोपर्यंत व्हायोलिन मांडीवर ठेवून गप्प बसलेले. लेक माझा हात दाबून म्हणाली, आई, पुढचे अजून वाजवतच नाहीयेत! आधीच्या क्लासमध्ये वर्षभर नुसते परीक्षेचे पीस घोटून घेतले, दुसऱ्या मुलांबरोबर एकदाही वाजवायला दिलं नाही, त्यामुळे थांबणं, दुसऱ्याचं ऐकणं हाही वाजवण्याचाच भाग आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं. मी सांगून सांगून थकले असते ते तिला त्या आठ-नऊ मिनिटांत दिसलं. नंतर वाचलं की १८१३ मध्ये व्हिएन्नात ही सिंफनी पहिल्यांदा वाजली ती जखमी सैनिकांच्या मदतीसाठी, आणि याच भागाला वन्स मोअर मिळाला होता. मिळणारच!

हा ऑर्केस्ट्रा २००६ मध्ये एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि व्हायोलिनिस्ट मारात बिसेनगालिएव यांनी उभा केला. २०१२ पासून त्यांची म्युझिक अकॅडमी पण आहे, ऑर्केस्ट्रातलेच वादक मुलांना शिकवतात, वाद्याबरोबर थिअरी, कॉयर म्हणजे समूहगान, एकत्र वाजवणं सगळं. ठाण्याहून शाळा सांभाळून त्यासाठी सारखं जाणं आम्हाला तरी झेपणारं नाही, पण तुम्ही दादर-परळला राहत असाल तर नक्की विचार करा.

जाताना फास्ट लोकलने सीएसएमटी, पुढे टॅक्सी. परतीला उशीर होतो, मुलांना आधी नीट खाऊ घालून न्या. सिंफनीचे भाग संपतात तेव्हा मध्येच टाळ्या वाजवायच्या नसतात, एकदम शेवटी.

एक मनापासून वाटतं, यांच्यातले चार-पाच जण तरी एखाद्या रविवारी सकाळी गडकरी रंगायतनला यावेत. शास्त्रीय संगीताच्या राम मराठे महोत्सवाला तासन् तास बसून ऐकणारं हे गाव आहे, हॉल भरेल याची मला खात्री आहे, आणि पुढच्या रांगा व्हायोलिन शिकणाऱ्या पोरांसाठी ठेवा.

लेकीने दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाला बोलावून सेकंड व्हायोलिनची चाल मागून घेतली, त्याला फर्स्ट दिलं. सध्या घरात तेच चालू आहे.