लुआ 5.4 मधलं सी मॉड्यूल लोडिंग: सुटसुटीत, पण एरर नीट वाचा

लुआ या स्क्रिप्टिंग भाषेचं 'रिक्वायर' (मॉड्यूल लोड करणारं फंक्शन) नेटिव्ह, म्हणजे सी मधून कंपाइल केलेलं, मॉड्यूल फारसे सोपस्कार न करता उचलतं. 'पॅकेज.सीपाथ' या शोधमार्गांच्या यादीतल्या प्रश्नचिन्हाच्या जागी मॉड्यूलचं नाव बसवायचं, फाइल सापडली की 'लुआओपन_'ने सुरू होणारं फंक्शन चालवायचं. या फंक्शनच्या नावात मॉड्यूलच्या नावातल्या टिंबांचे अंडरस्कोर होतात. फाइलचं नुसतं नाव बदललंत तर लायब्ररी उघडते, फंक्शन मात्र सापडत नाही. हायफनची सोय झकास: फंक्शनच्या नावातून पहिल्या हायफनपासून पुढचा भाग गळतो, त्यामुळे दोन आवृत्त्या शेजारी नांदतात.

खरी डोकेदुखी जुन्या बायनरींची, म्हणजे आधीच कंपाइल केलेल्या फाइलींची. 5.3 साठी बांधलेलं मॉड्यूल लिनक्सवर बहुधा 'अनडिफाइन्ड सिम्बॉल: लुआ_न्यूयूजरडेटा' म्हणून अडतं, कारण 5.4 मध्ये ते नाव खरं फंक्शन नसून कंपाइल होताना बदललं जाणारं निव्वळ मॅक्रो उरलंय. नव्या हेडरवर पुन्हा कंपाइल करा. 'लुआ_'ची सगळीच नावं सापडत नसतील तर होस्ट प्रोग्रॅम (ज्याच्या आत लुआ चालतं तो) सिम्बॉल, म्हणजे फंक्शनांची नावं, मॉड्यूलसाठी एक्सपोर्ट करत नाही; त्याच्या लिंकिंगला '-डब्ल्यूएल,-ई' द्या. वैतागून मॉड्यूलमध्येच लुआची स्टॅटिक लायब्ररी कोंबू नका. एकाच प्रोग्रॅममध्ये मग लुआच्या दोन प्रती राहतात. 5.3 'मल्टिपल लुआ व्हीएम्स डिटेक्टेड' असं तोंडावर सांगायचं, 5.4 ने ती तपासणीच काढली. हा निर्णय मला पटलेला नाही.

आणखी एक उणीव: 'पॅकेज.लोडेड' या लोड झालेल्या मॉड्यूलांच्या टेबलातली नोंद पुसली तरी लायब्ररी मेमरीतच राहते. नवं बायनरी हवं असेल तर स्टेट, म्हणजे लुआचं चालू सत्र, बंद करणं आलंच.