बडोद्यातला एक प्राणी-निवारा आणि त्याची शिस्त

बडोद्याच्या वेशीबाहेर, भटक्या आणि नकोशा झालेल्या पाळीव प्राण्यांसाठी चालणाऱ्या एका सेवाभावी निवाऱ्याशी गेल्या काही वर्षांत आमचा बराच संबंध आला. आधी शेजाऱ्यांच्या कुत्र्यामुळे, मग आम्ही स्वतः तिथून एक कुत्री घरी आणली म्हणून, आणि आता बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या अधूनमधून पाहून देतो म्हणून. तेव्हा हे परीक्षण अगदी त्रयस्थाचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. संस्थेचे नाव-पत्ता इथे दिलेला नाही, तो त्यांच्याच विनंतीवरून. पत्ता कुठे छापून आला की आठवड्याभरात रात्रीच्या वेळी फाटकाबाहेर खोकी ठेवून लोक पसार होतात. त्यांत बहुधा डोळेही न उघडलेली पिल्ले असतात, आणि आईवेगळ्या पिल्लांना दर दोन-तीन तासांनी दूध पाजण्यासाठी रात्रभर जागणारे माणूस आयत्या वेळी कुठून आणायचे, हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहतो. ज्याला खरोखरच गरज आहे, त्याला शहरातला कुठलाही पशुवैद्य त्यांचा ठावठिकाणा सांगेल.

गुजरातेत जीवदयेची परंपरा जुनी आहे. गावोगाव पांजरापोळ आहेत, आणि पोळात, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीत, एखादी कुत्री व्याली की पोरे घरोघर हिंडून पीठ, तूप, गूळ जमवतात आणि तिला शिरा करून घालतात. दांडिया बाजारातल्या आम्हा मराठी कुटुंबांतही ही रीत केव्हाच रुजली आहे. परंतु पांजरापोळाची घडण मुख्यतः गाईगुरांसाठी झालेली आहे, आणि कुत्र्यामांजरांची अडचण निराळी. कुत्रीचा गर्भकाळ जेमतेम 63 दिवसांचा असतो; शिरा खाऊन अंग धरलेली कुत्री वर्षाच्या आत पुन्हा वीत असते. या निवाऱ्याचे वेगळेपण मला इथे दिसते. दारात येईल तो प्राणी आत घेण्यापेक्षा, प्राणी दारात येण्याची वेळच कशी टळेल याकडे त्यांचे अधिक लक्ष असते, आणि त्यासाठी प्रसंगी तोंडावर नकार देण्याची त्यांची तयारी असते. यामुळे त्यांना नावे ठेवणारे लोक शहरात पुष्कळ आहेत.

‘आमचे कुत्रे तुमच्याकडे ठेवायचे आहे’ असा फोन केला, तर ‘घेऊन या’ असे उत्तर सहसा मिळत नाही. फोनवरच्या बेन आधी विचारतात, का? उत्तर आले की त्यावर आणखी विचारतात. घरात सून गरोदर आहे आणि मांजरामुळे बाळाला आजार होईल असे कोणीतरी सांगितले आहे, असे निघाले, तर मांजराची विष्ठा भरलेली माती दुसऱ्या कोणीतरी रोजच्या रोज काढावी, गरोदर स्त्रीने तिला हात लावू नये, कच्चे मांस मांजराला घालू नये आणि शंका राहिलीच तर आपल्या डॉक्टरांना विचारावे, एवढे समजावून सांगितल्यावर बरीच मांजरे आपापल्या घरीच राहतात. सोसायटीच्या मंडळींनी कुत्रे पाळायला मनाई केली आहे असे निघाले, तर अशी सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही, हे सांगणारे पत्र संस्था आपल्या कागदावर लिहून देते. कुत्रे चावते अशी तक्रार असेल, तर त्यांचा शिकवणारा माणूस घरी येऊन पाहतो. पुष्कळदा दिवसभर साखळीला बांधलेले, कधीच फिरायला न नेलेले जनावर त्याला तिथे आढळते. आणि समोरचा अगदीच हातघाईवर येऊन ‘मग रस्त्यावर सोडतो’ म्हणाला, तर 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने पाळीव प्राणी बेवारस सोडणे हा गुन्हा आहे, असे त्याला बजावले जाते. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे, हे मात्र त्या आपणहून सांगत नाहीत, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

आमच्या शेजाऱ्यांचा अनुभव इथे सांगण्याजोगा आहे. मुलाकडे कॅनडाला कायमचे जायचे ठरल्यावर त्यांनी सात वर्षांचा लॅब्राडोर, ब्रूनो, संस्थेत पोचवण्याची तयारी केली. संस्थेने त्याला लगेच ठेवून घेण्यास नकार दिला आणि महिनाभर घरीच ठेवा, आम्ही फोटो काढून नेतो, घर शोधतो, असे सांगितले. शेजारीण वहिनी चांगल्याच संतापल्या; देणगी द्यायला तयार असताना हे कसले नियम, असे त्यांचे म्हणणे होते. संस्थेचे म्हणणे असे की, सात वर्षे दिवाणखान्यात गाद्यांवर झोपलेले कुत्रे एकदम पिंजऱ्यात, पन्नास अनोळखी भुंकण्यांच्या मध्ये आले की ते खाणे टाकते, आणि खंगलेल्या कुत्र्याला घर मिळणे आणखी कठीण होते. घर मिळाले, पण तिथल्या लोकांनी केस फार गळतात म्हणून त्याला परत आणून सोडले. अशा वेळी संस्थेने ना जाब विचारला, ना तोंड वाकडे केले, कारण त्यांच्याकडून गेलेला प्राणी त्याच्या आयुष्यात केव्हाही परत घेऊ, असे त्यांनी करारातच लिहिलेले असते. दुसऱ्या खेपेस मांजलपूरच्या एका कुटुंबात तो टिकला. विकत घेतलेल्या जातिवंत पिल्लाच्या बाबतीत अशी हमी कोणता विक्रेता देतो?

जातिवंत कुत्र्यांचा विषय निघाला आहे तर तेही सांगतो. बडोद्याच्या मे महिन्यात हस्की आणि सेंट बर्नार्ड पाळणारे लोक आहेत, आणि वातानुकूलनाचे बिल पाहून दोन उन्हाळ्यांत त्यांची हौस फिटते. 12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर अशा 23 जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले, तेव्हा धास्तावलेल्या मालकांचे फोन सतत वाजत होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द ठरवले, पण ही दुसरी बातमी पहिलीइतकी पसरली नाही. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास कायद्याने मनाई आहे, हेही बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसते.

आता प्रत्यक्ष जागेविषयी. आत शिरताना पायाशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा उथळ ट्रे असतो आणि त्यात चपलांसकट पाय बुडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रथम हे अवडंबर वाटते. परंतु पिल्लांना मारणारा पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, आपल्याकडे जिकडेतिकडे ओतले जाणारे फिनेल त्याच्यावर भरवशाचे नाही, आणि त्याच प्रकारची जंतुनाशके मांजरांना विषारी ठरतात. म्हणून या आवारात फिनेलची बाटलीच आणू दिली जात नाही. नव्याने आलेला प्राणी दोन आठवडे वेगळ्या बाजूला राहतो, त्याची भांडी वेगळी, त्याला हाताळणारा माणूसही दिवसाच्या शेवटीच त्या बाजूला जातो. प्रत्येक जाळीवर एक पाटी टांगलेली असते. तिच्यावर वजन, लशींच्या तारखा आणि खाली एक-दोन ओळी: ‘काठी पाहिली की घाबरते’, ‘दुसऱ्याच्या ताटलीत तोंड घालतो’, ‘पुरुषांपाशी जात नाही, बायकांपाशी जाते’. मला या ओळी फार मोलाच्या वाटल्या, कारण त्या लिहिण्यासाठी कोणीतरी त्या जनावराकडे निवांत पाहिलेले असते.

खाण्याच्या बाबतीत संस्थेची खरी कसरत आहे. देणगीदारांत जैन आणि वैष्णव मंडळी मोठ्या संख्येने आहेत आणि आपल्या पैशांतून मांस शिजू नये, ही त्यांची अट असते. कुत्र्याचे एका मर्यादेपर्यंत भागते; नीट आखलेला शाकाहार त्याला चालू शकतो. मांजराचे तसे भागत नाही. टॉरिन नावाचा जो घटक त्याला मांसमासळीतूनच मिळतो, तो अपुरा पडला की मांजराची दृष्टी जाते आणि हृदय कमकुवत होते. संस्थेने यावर तोडगा म्हणून मांजरांच्या आहाराचे खाते आणि स्वयंपाकाची जागा दोन्ही वेगळी केली आहेत, आणि पावतीवर देणगी कोणत्या खात्यात जाईल ते स्पष्ट छापलेले असते. कोणाच्या श्रद्धेला धक्का नाही आणि मांजराच्या जिवालाही नाही. हिशेब तपासताना मी ही खाती वारंवार पडताळली आहेत. त्यांत सरमिसळ आढळली नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी मात्र अनेकांची अपेक्षा चुकते. ‘आमच्या गल्लीतली कुत्री उचलून न्या’ या मागणीला इथे नकारच मिळतो. 2023 च्या प्राणी जन्मदर नियंत्रण नियमांनुसार हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचे आहे, ते पशुकल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच करायचे असते, आणि निर्बीजीकरण व लसीकरण करून, कानाला खाच मारून, कुत्रे जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी हेच तत्त्व कायम ठेवले, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक कुत्री तेवढी वगळली. मग 7 नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतली कुत्री परत तिथे सोडू नयेत असे सांगितले. या संस्थेकडे ती मान्यता नाही आणि तेवढी जागाही नाही, म्हणून ती असे फोन महापालिकेकडे वळवते. उत्तरायणात मांजाने कापलेल्या पक्ष्यांच्या बाबतीतही तेच: सरकारी 1962 हा क्रमांक आणि करुणा अभियानाची केंद्रे त्यासाठी आहेत, असे सांगून फोनवरच्या बेन मोकळ्या होतात. ऐकणाऱ्याला ही टोलवाटोलवी वाटते. आपल्याला न झेपणारे काम अंगावर न घेणारी संस्था मला तरी अधिक विश्वासाची वाटते.

आमच्याकडची ठकी इथलीच. आम्ही दोघांनी पिल्लू मागितले होते. आमची वये विचारून बेननी स्पष्ट सांगितले, ‘काका, पिल्लू तुम्हाला दमवेल, आणि पंधरा वर्षांनंतरचे कोण पाहणार? मोठी गावठी कुत्री न्या.’ बोलणे झोंबले, पण खरे होते. सहा वर्षांची, एका कानाला खाच असलेली, अपघातानंतर एका पायाने किंचित लंगडणारी ठकी आधी दोन आठवडे ‘फोस्टर’ म्हणून आली, म्हणजे न जमल्यास परत देता येईल अशा बोलीवर. पहिले काही दिवस ती शिलाई यंत्राच्या पायटणामागे बसून राहिली. संस्थेतून सूचना आली होती की तिला हाका मारू नका, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसा आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. मी अग्रलेख वाचत असे. सौभाग्यवतींचे मत असे की त्यामुळेच ती लवकर बाहेर येत नव्हती. त्यांनी पाककृतींची पुरवणी वाचायला घेतल्यावर दुसऱ्या दिवशी ठकीने त्यांच्या पाठीला नाक लावले.

उणिवाही कमी नाहीत. दुपारी एक ते चार फोन कोणी उचलत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी उन्हाने कोसळलेल्या जनावरांचे फोन येतात. मांजरांची खोली अपुरी आणि कोंदट आहे. वर चढून बसायला फळ्या हव्यात, त्या अद्याप लागलेल्या नाहीत. स्वयंसेवकांची भाषा काही वेळा गरजेपेक्षा तिखट असते; नकार योग्य असला तरी कॅनडाला निघालेल्या, आधीच रडवेल्या झालेल्या वहिनींना ‘मग आणलाच कशाला?’ असे विचारायचे कारण नव्हते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांकडून घरमालकाचे लेखी पत्र मागतात, ते मला पटते. मात्र विद्यापीठात शिकणाऱ्या सगळ्याच मुलांना सरसकट नाकारतात, ते पटत नाही. निदान सुट्टीपुरते सांभाळायला तरी त्यांना प्राणी द्यायला हरकत नसावी. शिवाय दत्तक देताना घेतलेली दोन हजारांची अनामत निर्बीजीकरणाचा दाखला दाखवल्यावर परत मिळते, असे सांगतात. ती मिळते, पण मागे लागावे लागते.

पैशांविषयी आणखी एक गोष्ट. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास आहे आणि लेखापरीक्षित ताळेबंद मागणाऱ्याला दाखवते. ज्यांना देणगीवर आयकराची सवलत हवी आहे त्यांनी जुन्या करप्रणालीत असल्याची खात्री करून घ्यावी आणि दोन हजारांवरची देणगी रोख न देता धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी, कारण रोख दिल्यास त्यावर सवलत मिळत नाही.

भेट द्यायची असल्यास सकाळी दहाच्या आत जावे; त्या वेळी पिंजरे धुऊन झालेले असतात आणि कुत्री मोकळ्या अंगणात असतात. रविवार टाळावा, त्या दिवशी मुलांना ‘कुत्री दाखवायला’ आणणाऱ्यांची गर्दी असते आणि बिचकणारी जनावरे कोपऱ्यात दडून बसतात. ग्लुकोज बिस्किटांचे पुडे नेऊ नयेत, ते परत हातात दिले जातात. जुन्या चादरी, पंचे, गोणपाट आणि वर्तमानपत्रांची रद्दी मात्र बाराही महिने हवी असते, आणि पावसाळ्यात तर दुप्पट.