एच-१बीची मुदत संपत आल्यावर: अमेरिकेत राहण्याच्या कायदेशीर मार्गांचा तुलनात्मक आढावा

अमेरिकेत एच-१बी या कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली किंवा सहा वर्षांची मर्यादा जवळ आली, की पहिला प्रश्न पडतो तो आणखी किती दिवस राहता येईल हा. प्रश्न स्वाभाविक आहे, पण मार्ग निवडायला तो पुरेसा नाही. दिवस वाढवून देणारे मार्ग बरेच आहेत. मात्र त्यांतले काही असे आहेत की एकदा त्या वाटेने गेले की पुन्हा एच-१बीवर येणे कठीण होते, आणि सप्टेंबर २०२५ पासून ते अतिशय महागही झाले आहे. म्हणून पुढे प्रत्येक मार्ग दोन कसोट्यांवर तपासला आहे: त्यावरून पुन्हा कामावर कसे येता येते, आणि अर्ज नामंजूर झाला तर माणसाची स्थिती काय होते.

आधी तारीख नक्की करावी

पासपोर्टवरच्या व्हिसाच्या स्टॅम्पची तारीख ही अमेरिकेत प्रवेश करण्यापुरती असते. राहण्याची मुदत ठरते ती आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरून. विमानतळावर प्रवेश मिळाल्यानंतर ही नोंद सीबीपी या सीमा तपासणी खात्याच्या संकेतस्थळावर दिसते, आणि अमेरिकेत असतानाच मुदतवाढ मिळाली असेल तर नवे आय-९४ मंजुरीच्या आय-७९७ए या कागदाच्या तळाशी जोडलेले असते. घोटाळा बहुधा पासपोर्टमुळे होतो. पिटिशन, म्हणजे कंपनीने केलेला एच-१बीचा अर्ज, तीन वर्षांची असली तरी पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल, तर प्रवेशाच्या वेळी अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. माणूस आय-७९७ वरची तारीख लक्षात ठेवून निर्धास्त राहतो आणि त्याचा अधिकृत मुक्काम केव्हाच संपलेला असतो. पत्नीचे किंवा पतीचे आणि मुलांचे आय-९४ स्वतंत्र असते. त्या तारखाही स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात.

नोकरी गेल्यास जानेवारी २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस पिरियड मिळतो. मात्र आय-९४ त्याआधी संपत असेल तर मुदत तिथेच संपते. समजा, पगार लागू असलेला शेवटचा दिवस १० मार्च आहे. मग साठावा दिवस ९ मे हा येतो. पण पासपोर्टमुळे आय-९४ ची तारीख २० एप्रिल पडली असेल, तर हातात २० एप्रिलपर्यंतचेच दिवस आहेत. नोकरी सोडताना एकरकमी मिळालेल्या भरपाईमुळे हे दिवस वाढत नाहीत. या काळात काम करता येत नाही, आणि हा अवधी देणे न देणे शेवटी इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या यूएससीआयएस या खात्याच्या अखत्यारीत आहे, म्हणजे तो हक्क नव्हे.

मुदत उलटून राहिल्यास काय होते, हेही आधीच ठाऊक असावे. अनधिकृत मुक्काम १८० दिवसांहून अधिक आणि एक वर्षाहून कमी झाला आणि माणूस देश सोडून गेला, तर त्याला तीन वर्षे परत प्रवेश मिळत नाही. एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाला तर दहा वर्षे. ही तरतूद १९९६ च्या कायद्यातली आहे. मात्र आय-९४ उलटून एक दिवस राहिले तरी पासपोर्टवरचा व्हिसा कायद्याने रद्द ठरतो, आणि ही गोष्ट पुढच्या हिशेबात फार मोलाची आहे.

नवी कंपनी: पहिली आणि सर्वांत भक्कम वाट

नव्या कंपनीने ६० दिवसांच्या आत, आणि आय-९४ जिवंत असताना, एच-१बीची पिटिशन दाखल केली तर अर्ज पोहोचल्यावर, मंजुरीची वाट न पाहता, नव्या ठिकाणी काम सुरू करता येते. पुन्हा एच-१बीच्या सोडतीत, म्हणजे लॉटरीत, नाव घालावे लागत नाही. दोन्ही कसोट्यांवर हा मार्ग सरस आहे, त्यामुळे त्याविषयी अधिक चर्चा नको. फक्त वेळेचा हिशेब नीट मांडावा. पिटिशनच्या आधी कामगार खात्याकडून एलसीए हा कामाच्या अटींचा अर्ज प्रमाणित करून घ्यावा लागतो आणि त्याला कामाचे सात दिवस लागतात. कंपनीने यापूर्वी कधीच असा अर्ज केला नसेल, तर तिचा करक्रमांक पडताळण्यात आणखी काही दिवस जातात. त्यात वकिलाची कागदपत्रे जमवण्याचे दिवस मिळवले, की ६० दिवस प्रत्यक्षात चाळिसाच्या आसपास उरतात. ऑफर पन्नासाव्या दिवशी हातात आली तर धावपळ अटळ आहे.

सहा वर्षांची मर्यादा संपत आलेल्यांसाठी वेगळी तरतूद आहे. आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेली पिटिशन, मंजूर आहे पण प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) आलेली नाही, अशा माणसाला एका वेळी तीन वर्षांपर्यंतची मुदतवाढ मिळते. ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू होऊन ३६५ दिवस झाले असतील तर एकेका वर्षाची. मंजुरीला १८० दिवस उलटून गेल्यावर जुन्या कंपनीने आय-१४० मागे घेतले तरी या कामासाठी ते टिकते. दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग दशकाहून जुनी आहे. तेव्हा आय-१४० च्या मंजुरीची प्रत नोकरीत असतानाच मागून घ्यावी. नंतर ती मिळेलच याचा भरवसा नसतो.

एच-४ आणि बी-२

नवी नोकरी वेळेत मिळण्याची चिन्हे नसली, की बहुतेकांसमोर हे दोन पर्याय येतात: एच-४ म्हणजे एच-१बीधारकाच्या जोडीदाराचा आणि मुलांचा दर्जा, आणि बी-२ म्हणजे पाहुणा म्हणून तात्पुरते राहण्याचा. अर्जाचा नमुना दोन्हींना एकच, आय-५३९. यापुढे मात्र दोन्हींत फारसे साम्य नाही.

जोडीदार स्वतः एच-१बीवर असेल तर एच-४ हाच मार्ग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नाते सिद्ध करणारी विवाह नोंदणीची प्रत आणि जोडीदाराची कागदपत्रे नीट असली की अर्जात वादाला जागा कमी राहते. ग्रीन कार्डचा इरादा आड येत नाही. एच-४ वर घालवलेला काळ सहा वर्षांच्या मर्यादेत मोजला जात नाही, आणि नोकरी मिळाली की लॉटरीशिवाय उरलेल्या काळासाठी एच-१बीवर परत येता येते. फक्त त्या वेळी नव्या पिटिशनची मंजुरी येईपर्यंत कामाला हात लावता येत नाही. जोडीदाराचे आय-१४० मंजूर असेल तर २०१५ च्या नियमानुसार कामाचा परवानाही मागता येतो. त्या परवान्याच्या नूतनीकरणावर मिळणारी आपोआप मुदतवाढ ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना बंद झाली आहे, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज शक्य तितक्या लवकर करावा.

बी-२ चे तसे नाही. शुल्क ऑनलाइन ४२० डॉलर, अर्ज सोपा, आणि तो ६० दिवसांच्या आत पोहोचला तर निकाल येईपर्यंत अनधिकृत मुक्काम मोजला जात नाही. बी-२ वर असताना नोकरी शोधायला आणि मुलाखती द्यायला हरकत नाही, असे यूएससीआयएसने २०२३ मध्ये स्पष्टही केले. म्हणूनच नोकरी गेलेल्यांच्या घोळक्यात ‘आधी बी-२ टाकून ठेव’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. हा सल्ला अर्धवट आहे. बी-२ प्रलंबित असताना माणसाचा मुक्काम सहन केला जातो, पण त्याच्याजवळ राहण्याचा कोणताही कायदेशीर दर्जा नसतो. नवी कंपनी ६०व्या दिवसानंतर एच-१बी दाखल करते तेव्हा अधिकाऱ्याला आधी बी-२ चा निकाल लावावा लागतो. तो नामंजूर झाला, तर मधली साखळी तुटते. कंपनीची पिटिशन मंजूर होऊनही देशातल्या देशात दर्जा बदलून मिळत नाही. बाहेर जाऊन स्टॅम्पिंग करून, म्हणजे अमेरिकी वकिलातीतून पासपोर्टवर व्हिसा घेऊन, परत यावे लागते.

हीच गोष्ट पूर्वी एका विमानप्रवासाच्या खर्चात आणि काही आठवड्यांच्या मनस्तापात भागत असे. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनंतर नव्या एच-१बी पिटिशनवर १,००,००० डॉलरची रक्कम लागू झाली. ऑक्टोबरमधील खुलाशानुसार देशातल्या देशात दर्जाबदल किंवा मुदतवाढ मंजूर झाल्यास ती द्यावी लागत नाही. परंतु उमेदवार देशाबाहेर असून त्याच्याजवळ वैध एच-१बी व्हिसा नसेल, किंवा दर्जाबदलास तो अपात्र ठरला, तर ती भरावी लागते. ही घोषणा मुळात १२ महिन्यांसाठी काढलेली आहे, त्यामुळे अर्जाच्या वेळी ती लागू आहे का हे पाहूनच हिशेब करावा. ती लागू असेपर्यंत नाकारलेल्या बी-२ ची किंमत इतकी मोठी आहे की मध्यम आकाराची कंपनी त्या उमेदवाराचा नाद सोडून देईल.

शिवाय २०२५ मधल्या धोरणानुसार अर्ज नामंजूर झाल्यावर माणूस कायदेशीर दर्जाशिवाय राहत असल्याचे आढळले, तर त्याला इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस दिली जाते. रोजच्या जगण्यातही बी-२ अडचणीचा आहे. बऱ्याच राज्यांत वाहन परवान्याची मुदत आय-९४ शी जोडलेली असते आणि प्रलंबित अर्जाच्या पावतीवर तो वाढवून मिळेलच असे नाही. आणि गाडीवाचून अमेरिकेच्या उपनगरात दूध आणायला जाणेही अवघड. मुलांचे शालेय वर्ष पूर्ण करायचे आहे, घर आवरायचे आहे, आणि मग परतायचे आहे, अशा कुटुंबासाठी बी-२ योग्य आहे, कारण त्याचा खरा उद्देशच तो आहे. नोकरीची आशा धरून बसण्यासाठी तो कच्चा आधार आहे.

एफ-१

पुन्हा शिकायचे ठरवले असेल तर एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा दर्जा. मान्यताप्राप्त संस्थेचा आय-२० हा प्रवेशाचा दाखला, ३५० डॉलरचे सेव्हिस (विद्यार्थी नोंदणीचे) शुल्क आणि वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. हेतूही तपासला जातो: ज्याने स्थलांतराचा इरादा आधीच जाहीर करून आय-१४० मंजूर करून घेतले आहे, त्याला शिक्षणानंतर परतणार असल्याचे पटवून द्यावे लागते, जे सोपे नाही. एक मास्टर्स हातात असताना पहिल्या दिवसापासून काम करू देणाऱ्या संस्थेत दुसऱ्या मास्टर्सला नाव घालण्याची जी टूम आहे, तिच्यापासून दूर राहावे. पुढे एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या वेळी हे शिक्षण खरे होते का, अशी विचारणा होते आणि उत्तर कागदोपत्री द्यावे लागते. क्षेत्र खरोखर बदलायचे असेल, तर मात्र एफ-१ आदरणीय मार्ग आहे.

ग्रीन कार्डच्या रांगेतले दोन आधार

ज्यांचे आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अंतिम अर्ज, दाखल होऊन प्रलंबित आहे, त्यांचा प्रश्न बराच हलका होतो. त्यांना स्वतंत्र कामाचा परवाना मिळतो, आणि अर्जाला १८० दिवस झाल्यावर तशाच स्वरूपाच्या नोकरीत जाता येते.

आय-४८५ दाखल करण्याइतकी तारीख आलेली नाही, पण आय-१४० मंजूर आहे, अशांसाठी असाधारण परिस्थितीतला एक वर्षाचा कामाचा परवाना आहे. अर्ज ग्रेस पिरियडच्या आत करावा लागतो. केवळ नोकरी गेली एवढे कारण त्याला पुरत नाही; गंभीर आजार, मालकाशी वाद झाल्यावर घेतला गेलेला सूड, किंवा देश सोडल्यास होणारे मोठे नुकसान कागदांनिशी दाखवावे लागते. चालू उपचार अर्ध्यावर तुटणार असतील, तर हा मार्ग वकिलाकडून अवश्य तपासून घ्यावा. पण यात काम करता आले तरी एच-१बीचा दर्जा जातो. तो परत हवा असेल तर बाहेर जाऊन यावे लागते, म्हणजे वरची १,००,००० डॉलरची गोष्ट पुन्हा समोर येते.

वेळेत परत जाणे

राहण्याच्या मार्गांच्या यादीत परतण्याचा विचार कोणी करत नाही, पण काही जणांसाठी तोच सर्वांत शहाणपणाचा ठरतो. पासपोर्टवर एच-१बीचा स्टॅम्प अजून दीड-दोन वर्षे जिवंत आहे, सहा वर्षांतली काही शिल्लक आहेत, आणि बी-२ चा निकाल बेभरवशाचा आहे, अशा माणसाने आय-९४ आणि ग्रेस पिरियडच्या आत पुण्याला किंवा नागपूरला परतावे. माणूस तिथे असतानाही नव्या कंपनीला पिटिशन दाखल करता येते, जुनाच वैध स्टॅम्प नव्या मंजुरीसह चालतो, लॉटरी लागत नाही, आणि वैध व्हिसा असल्यामुळे ती मोठी रक्कमही लागत नाही. तोच माणूस बी-२ वर आठ महिने थांबून, मध्ये आय-९४ उलटून, नामंजुरी घेऊन परतला, तर स्टॅम्पही जातो आणि सवलतही.

स्टॅम्प संपलेला असेल तर उलटा विचार करावा. त्याला देशातल्या देशात दर्जा टिकवण्याची किंमत अधिक आहे, कारण बाहेर पडल्यावर मुंबईच्या किंवा भारतातल्या अन्य अमेरिकी वकिलातीत मुलाखत देणे भाग आहे. सप्टेंबर २०२५ पासून तिसऱ्या देशात जाऊन स्टॅम्पिंग करण्याची वाट जवळपास बंद आहे, आणि डिसेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांची तपासणी एच-१बी आणि एच-४ लाही लागू झाल्यावर भारतातल्या अनेकांच्या तारखा महिनोन्‌महिने पुढे गेल्या. अशा माणसाला एच-४ उपलब्ध असेल तर तो, नसेल तर पगारात थोडी तडजोड करूनही ६० दिवसांत मिळणारी नोकरी, हे दोनच पर्याय मी समोर ठेवीन.

परतायचे ठरलेच, तर दोन गोष्टी विसरू नयेत. पिटिशनची मुदत संपण्यापूर्वी कंपनीने कामावरून काढले असेल, तर कर्मचाऱ्याच्या मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च देणे तिच्यावर बंधनकारक आहे. कुटुंबाचा खर्च त्यात येत नाही, आणि स्वतः राजीनामा दिला असेल तर हा हक्कच उरत नाही. दुसरे म्हणजे अमेरिका सोडताना पासपोर्टवर शिक्का मारला जात नाही. त्यामुळे बोर्डिंग पास आणि भारतातल्या आगमनाच्या शिक्क्याची प्रत जपून ठेवावी, आणि काही दिवसांनी सीबीपीच्या संकेतस्थळावर आपल्या निर्गमनाची तारीख बरोबर नोंदली गेली आहे का, ते पाहून घ्यावे.