ग्राफाइटची सेटिंग्ज: बरेच महिने वापरल्यानंतर

ग्राफाइट म्हणजे सर्व्हर आणि प्रोग्राममधली मोजमापं (मेट्रिक्स) साठवून त्यांचे ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर. ते बसवायला फार वेळ लागत नाही. डॉकरची (तयार पॅकेजमधून प्रोग्राम चालवणाऱ्या साधनाची) इमेज घेतली तर थोड्याच वेळात ब्राउझरमध्ये पहिला ग्राफ दिसतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते जवळजवळ सगळं सेटिंग्जचं असतं. बरेच महिने रोज वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: इथे एखादं सेटिंग एकटं क्वचितच चुकतं. दोन वेगळ्या फायलींमधले दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तक्रार करणारा मेसेज कुठेच येत नाही. ग्राफ फक्त रिकामा दिसतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचा दिसतो.

आधी रचना लक्षात घ्या. जँगोवर (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कवर) चालणारं वेब ॲप ग्राफ काढतं, कार्बन मेट्रिक्स स्वीकारतो आणि व्हिस्पर त्या डिस्कवर ठेवतो. वेब ॲपची सेटिंग्ज ‘लोकल सेटिंग्ज’ नावाच्या पायथन फाइलमध्ये असतात. तिची नमुना फाइल शेजारीच असते, तिची प्रत करून नाव बदलायचं. मूळ ‘सेटिंग्ज’ फाइलला हात लावू नका, अपडेटमध्ये ते बदल पुसले जातात. प्रत चुकीच्या जागी पडली तर वेब ॲप एक छोटी सूचना छापून डीफॉल्टवर चालू होतं, आणि मग आपण बदललेलं काहीच का लागू होत नाही ते कळत नाही. म्हणून काहीही बदललं की वेब प्रोसेस रीस्टार्ट करा आणि तिचा लॉग एकदा वाचा.

वेबच्या बाजूची पहिली तीन सेटिंग्ज सोपी आहेत. टाइम झोनचं डीफॉल्ट अमेरिकेतल्या शिकागोचं आहे. ते न बदलल्यास चित्र म्हणून काढलेल्या ग्राफवरच्या वेळा काही तासांनी सरकलेल्या दिसतात. डेटा युनिक्स टाइममध्ये (टाइम झोनवर न अवलंबणाऱ्या सेकंदांच्या मोजणीत) साठतो, त्यामुळे हे उशिरा दुरुस्त केलं तरी काही बिघडत नाही. लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या सिक्रेट कीचं डीफॉल्ट मूल्य मात्र ‘असुरक्षित’ असं स्वतःच सांगतं, ते पहिल्याच दिवशी लांब आणि रँडम मूल्याने बदला. एकापेक्षा जास्त वेब सर्व्हर असतील तर सगळीकडे तीच की हवी, नाहीतर एका सर्व्हरवर केलेलं लॉगिन दुसरा ओळखत नाही. तिसरं म्हणजे परवानगी असलेल्या होस्टनेमची यादी. डीफॉल्टमध्ये सगळ्यांना मोकळीक आहे. ती आवळताना क्लस्टरमधले सर्व्हर एकमेकांना ज्या नावाने किंवा आयपीने हाक मारतात तेही यादीत घाला. ते राहिलं तर बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण आतल्या विनंत्यांना ४०० एरर मिळते आणि निम्म्या मेट्रिक्स गायब होतात.

डेटाबेसबद्दल बराच गैरसमज आहे. मेट्रिक्सचे आकडे त्यात नसतात. तिथे युजर, डॅशबोर्ड, जतन केलेले ग्राफ, इव्हेंट आणि टॅग (मेट्रिकला जोडलेली लेबलं) असतात. डीफॉल्ट एसक्यूलाइट एकट्याच्या वापराला पुरतो. अनेक वर्कर एकदम लिहायला लागले की ‘डेटाबेस लॉक आहे’ अशा एरर येतात, तेव्हा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल घ्या. हा बदल डॅशबोर्ड जमायच्या आधी केलेला बरा. एसक्यूलाइटवरच राहणार असाल तर फाइलबरोबर तिच्या फोल्डरवरही वेब प्रोसेसला लिहिण्याची परवानगी द्या, कारण लिहिताना शेजारी तात्पुरती फाइल तयार होते. मायग्रेशनची (डेटाबेसची टेबलं तयार करणारी) कमांड रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालवली की फाइलची मालकी रूटकडे जाते आणि पहिलं लॉगिनच अडकतं.

आता मुख्य भाग. ग्राफवर काय दिसणार ते वेबच्या सेटिंग्जपेक्षा कार्बनच्या दोन फायली जास्त ठरवतात: स्टोरेज स्कीमा (आकडे किती बारीक आणि किती काळ ठेवायचे) आणि स्टोरेज ॲग्रिगेशन (जुने आकडे एकत्र कसे करायचे).

स्कीमामध्ये प्रत्येक विभागाला एक पॅटर्न (मेट्रिकच्या नावाशी जुळवायचा) आणि एक रिटेन्शन (किती सेकंदांचे बिंदू किती काळ ठेवायचे) असतं. वरून खाली पाहिलं जातं आणि पहिला जुळणारा विभाग लागू होतो, म्हणून सगळ्यांना जुळणारा पॅटर्न कायम शेवटी. नमुना फाइलमधला डीफॉल्ट मिनिटाला एक बिंदू फक्त एक दिवस ठेवतो. तो तसाच ठेवला तर कालच्या पलीकडचं काही उरत नाही, आणि हे बहुतेकांना गरज पडते त्या दिवशी समजतं.

मला उपयोगी पडलेली तीन स्तरांची मांडणी: १० सेकंदांचे बिंदू ६ तास, १ मिनिटाचे ६ दिवस, १० मिनिटांचे १८०० दिवस. बिंदू होतात २१६०, ८६४० आणि २,५९,२००, एकूण २,७०,०००. व्हिस्परमध्ये प्रत्येक बिंदू १२ बाइट घेतो, ४ वेळेचे आणि ८ मूल्याचे. हेडरसह फाइल ३२,४०,०५२ बाइटची होते आणि मेट्रिक पहिल्यांदा आली की हा आकार ठरून जातो, तो पुढे वाढत नाही. म्हणजे १०,००० मेट्रिक्सना सुमारे ३२.४ जीबी. व्हिस्परची मला सर्वात आवडणारी गोष्ट हीच: डिस्क किती लागेल याचा हिशेब आधीच कागदावर करता येतो. या मांडणीत ९६ टक्के जागा शेवटचा स्तर खातो. जागा वाचवायची असेल तर १८०० दिवस कमी करा, ६ तासांत कपात करून काही हाती लागत नाही.

एकमेकांशी जुळाव्या लागणाऱ्या आकड्यांची पहिली जोडी इथे येते. पाठवणारा किती सेकंदांनी पाठवतो आणि स्कीमाचा पहिला स्तर किती सेकंदांचा आहे, हे आकडे एकच हवेत. स्टॅट्सडी (ग्राफाइटला मेट्रिक्स गोळा करून पाठवणारा प्रोग्राम) १० सेकंदांनी पाठवतोय आणि पहिला स्तर ६० सेकंदांचा असेल तर एका मिनिटातले सहा आकडे एकाच खणात पडतात. शेवटचा उरतो, आधीचे पाच जातात. काउंटरचे (मोजणीच्या मेट्रिक्सचे) आकडे मग खऱ्याच्या सुमारे एक षष्ठांश दिसतात. ग्राफ गुळगुळीत आणि पटण्यासारखा असतो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने टिकू शकते.

उलटी चूक वेगळी दिसते. पाठवणारा ६० सेकंदांनी पाठवतो आणि पहिला स्तर १० सेकंदांचा. आता सहापैकी एकच खण भरतो. ॲग्रिगेशन फाइलमधला ‘एक्स फाइल्स फॅक्टर’ डीफॉल्टने ०.५ असतो, म्हणजे पुढच्या स्तरात मूल्य जायला निम्मे खण तरी भरलेले हवेत. सहापैकी एक म्हणजे ०.१७, त्यामुळे पुढे काहीच जात नाही. लक्षण ओळखायला सोपं आहे: शेवटच्या ६ तासांचा ग्राफ दिसतो, ७ तास मागितले की कोरा. कारण मागितलेला सगळा काळ ज्यात मावतो असा सर्वात बारीक स्तरच वाचला जातो. मुळातच तुरळक येणाऱ्या मेट्रिक्ससाठी हा फॅक्टर ० ठेवा.

त्याच फाइलमधली ॲग्रिगेशनची पद्धतही बघा. डीफॉल्ट सरासरी आहे. मोजणीच्या मेट्रिक्सना बेरीज हवी, कमाल मूल्याच्या मेट्रिक्सना कमाल. नमुन्यातला बेरजेचा नियम नावाच्या शेवटी ‘काउंट’ असलेल्यांनाच लागतो. स्टॅट्सडीच्या जुन्या नेमस्पेसमधल्या (नावं देण्याच्या जुन्या पद्धतीतल्या) काउंटरच्या नावांत ते शेवटी येत नाही, त्यांच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो.

या दोन्ही फायली कार्बन आपणहून पुन्हा वाचतो, पण बदल फक्त नव्या मेट्रिक्सना लागू होतो. आधी तयार झालेल्या फायली जुन्याच रिटेन्शनवर राहतात. फाइलमध्ये प्रत्यक्ष काय आहे ते ‘व्हिस्पर इन्फो’ने पाहा आणि ‘व्हिस्पर रिसाइझ’ने बदला. रिसाइझ जुनी फाइल बॅकअप म्हणून शेजारी ठेवतं, तेवढी जागा मोकळी हवी. ते कार्बनच्याच युजरने चालवा. रूटने चालवलं तर नवी फाइल रूटच्या मालकीची होते आणि कार्बनचं लिहिणं तिथेच थांबतं.

दुसरी मोठी जोडी कार्बनलिंकची. कार्बन बिंदू आधी मेमरीत साठवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. न उतरलेले बिंदू वेब ॲप कार्बनलिंकमधून मागतं. ते चुकलं की ग्राफचं उजवं टोक मागे पडतं. इथे पोर्ट ७००२ लागतो, पण २००३ किंवा २००४ घातलेला बऱ्याचदा दिसतो. ते दोन्ही मेट्रिक्स स्वीकारण्याचे पोर्ट आहेत. कार्बनचे अनेक इन्स्टन्स (एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) आणि पुढे त्यांच्यात मेट्रिक्स वाटणारा रिले असेल तर रिलेच्या यादीतला होस्ट आणि इन्स्टन्सचं अक्षर कार्बनलिंकच्या यादीतही हुबेहूब तेच हवं. कोणती मेट्रिक कोणत्या इन्स्टन्सकडे जाणार ते ठरवणारा हॅश या दोन्हींवरून निघतो, पोर्टवरून नाही. एकीकडे ‘लोकलहोस्ट’ आणि दुसरीकडे १२७.०.०.१ लिहिलं तर वेब ॲप काही मेट्रिक्ससाठी भलत्याच इन्स्टन्सला विचारतं. काही ग्राफ ताजे आणि काही मागे, असं दिसलं की आधी हेच तपासा. डिस्कवरचा ताण कमी करायला सेकंदाला होणाऱ्या लेखनाची मर्यादा डीफॉल्ट ५०० वरून खाली आणलीत, तर मेमरीत जास्त बिंदू थांबतात आणि कार्बनलिंकवर भिस्त आणखी वाढते.

नव्या मेट्रिक्स दिसत नाहीत ही तक्रार बऱ्याचदा वेगळ्याच ठिकाणची असते. मिनिटाला नव्या फायली करण्याची मर्यादा डीफॉल्ट ५० आहे. एकदम १००० नव्या मेट्रिक्स आल्या तर सगळ्या उभ्या राहायला २० मिनिटं जातात आणि तोवर आलेले त्यांचे बिंदू टाकले जातात. कार्बन स्वतःच्या मेट्रिक्सही लिहितो, त्यातला ‘ड्रॉप्ड क्रिएट्स’चा ग्राफ डॅशबोर्डवर कायम ठेवा. त्याच्या शेजारी कार्बनच्या मेमरीतल्या कॅशचा आकारही. तो सतत चढता राहिला तर डिस्क मागे पडतेय असं समजा.

मेमकॅश (तयार उत्तरं मेमरीत ठेवणारा सर्व्हर) वेब ॲपला लावल्यावर ग्राफच्या विनंत्यांची उत्तरं डीफॉल्टने ६० सेकंद जपली जातात. डॅशबोर्ड १० सेकंदांनी रिफ्रेश होत असूनही ग्राफ मिनिटभर हलत नाही, तो यामुळे. सरसकट वेळ कमी करण्याऐवजी कॅश पॉलिसी लिहा: छोट्या काळाच्या ग्राफसाठी १० सेकंद, २ तासांपुढे १२० सेकंद, ६ तासांपुढे १८०. पॉलिसीतल्या (काळ, सेकंद) जोड्यांपैकी पहिली ० पासून सुरू व्हायला हवी. एखादाच ग्राफ तपासायचा असेल तर यूआरएलमध्ये ‘नो कॅश’ देता येतं.

दिसण्याबद्दल थोडकं. चित्राचा डीफॉल्ट आकार ३३० बाय २५० पिक्सेल आणि डीफॉल्ट काळ २४ तास. मिनिटाच्या हिशेबाने १४४० बिंदू तेवढ्या रुंदीत मावत नाहीत, म्हणून शेजारचे बिंदू सरासरी काढून एकत्र होतात आणि क्षणिक उसळी बुटकी दिसते. लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) किंवा एररच्या ग्राफला ‘कन्सॉलिडेट बाय’ने कमाल लावा, नाहीतर अडचणीची मिनिटं सपाट होतात. रंग आणि फॉन्ट ग्राफ टेम्प्लेट फाइलमध्ये बदलता येतात. ग्राफाना या वेगळ्या डॅशबोर्ड साधनाने डेटा ओढत असाल तर ती फाइल उघडायचीही गरज नाही, टाइम झोनही बहुतेक वेळा ब्राउझरच ठरवतो.

टॅग १.१ आवृत्तीपासून आहेत आणि उपयोगी आहेत. पण सगळे टॅग डीफॉल्टने त्याच जँगो डेटाबेसमध्ये जातात. मेट्रिक्स हजारांच्या पुढे जाणार असतील तर एसक्यूलाइटवर टॅग सुरू करू नका, आधी पोस्टग्रेसवर या. टॅगमध्ये विनंतीचा आयडी किंवा युजरचा आयडी घालणं तर पूर्णपणे टाळा. प्रत्येक नव्या मूल्यामागे एक अख्खी व्हिस्पर फाइल तयार होते, वरच्या मांडणीत ३.२४ एमबीची, आणि ती आपोआप कधीच पुसली जात नाही. जुन्या फायली बदलाच्या तारखेवरून शोधून काढून टाकणारा क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) आपणच लावायचा. त्यातली मुदत तुमच्या सर्वात क्वचित येणाऱ्या मेट्रिकपेक्षा मोठी ठेवा, नाहीतर महिन्यातून एकदा चालणाऱ्या जॉबचा इतिहास दर वेळी पुसला जाईल.